फाटकवाल्याची डॉज

सटवाजीनं मोटार घेतली, ही गोष्ट गावात आधी कुणाला खरीच वाटली नाही. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, रेल्वेच्या फाटकावरून दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झालेला, घरात दुसरं माणूस नाही. मोटार चालवणं तर दूरच, मोटारीत बसायचा प्रसंगही त्याला आयुष्यात दोन-तीनदाच आलेला. त्यात त्यानं घेतली ती परभणीच्या आबासाहेब वकिलांची डॉज. फिकट हिरवी, पांढऱ्या छताची, नाकापासून शेपटीपर्यंत बैलगाडीला बैल जुंपल्यावर होते तेवढी लांब. पुढं तिघं आणि मागं तिघं ऐसपैस बसतील अशी. आणि तिच्यात बसणार एकटा सटवाजी.

पिंगळी स्टेशनच्या अलीकडं, परभणीच्या बाजूला हे फाटक होतं. रूळ ओलांडून जाणारा कच्चा रस्ता, रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी दांडे, बाजूला फोन ठेवायची छोटी गुमटी आणि मागं रेल्वेनं दिलेली एक खोली. सटवाजीनं तिथं सव्वीस वर्षं काढली. स्टेशनातून फोन आला की गाडी जवळ यायच्या बेताला हँडल फिरवून दांडे खाली घ्यायचे, गाडी गेली की वर करायचे. फाटकावर थांबणारी माणसं तंबाखू मागायची, पाणी मागायची, पावसापाण्याचं बोलायची. आबासाहेब दर शनिवारी पलीकडच्या शेतावर जायचे, तेही थांबायचे. हा माणूस कधी हॉर्न वाजवायचा नाही. इंजिन बंद करून काच खाली घ्यायचा आणि विचारायचा, "सटवाजी, आज कोणती गाडी?"

"मालगाडी हाय, आबासाहेब. लय रेंगाळायली."

"रेंगाळू दे. मला कुठं कोर्टात जायचंय."

वकिली उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकलेले, बोलणं मऊ, पोशाख इस्त्रीचा. डॉज त्यांनी छप्पन साली हैदराबादहून नवी आणलेली. कधी ड्रायव्हर ठेवला नाही. गाडी स्वतः धुवायचे, स्वतः पुसायचे, आणि उभी असली की तिच्यावर खादीचं शिवून घेतलेलं आच्छादन घालायचे. शनिवारी फाटक बंद असलं की सटवाजीला बरं वाटायचं. पाच-सात मिनिटं का होईना, कुणीतरी घाईविना बोलायचं.

अठ्ठ्याहत्तर साली श्रावण लागायच्या सुमाराला ते दिवस आले. औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि आठवडाभरात खेड्यापाड्यातल्या दलित वस्त्यांमधून धूर दिसायला लागला. कोणत्या गावचा धूर हे गुमटीच्या पायरीवर उभं राहून सटवाजीला ओळखू यायचं. त्या शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला डॉज शेताकडून परत आली, ती धुरळा उडवत. आबासाहेबांना इतक्या जोरात गाडी हाकताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. फाटक उघडंच होतं. तरी ते क्षणभर थांबले. मागच्या सीटच्या खाली, पाय ठेवायच्या जागेत, दोन बाया आणि एक म्हातारा अंग चोरून पडले होते. एका बाईच्या लुगड्याचा पदर जळालेला होता.

आबासाहेब एवढंच म्हणाले, "सटवाजी, मागून ट्रॉली येतेय."

डॉज रूळ ओलांडून गेली. मालगाडीचा फोन आधीच येऊन गेला होता, पण गाडी यायला अजून पंधरा मिनिटं तरी होती. दांडे पाडायची वेळ झाली नव्हती. सटवाजीनं हँडल हातात घेतलं आणि दांडे खाली घेतले. कुलूपही घातलं.

ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत वीस-पंचवीस माणसं होती, काही ओळखीची, काही गावातलीच. त्यांच्यात त्याचा धाकटा भाऊ येडबा होता. येडबा ट्रॅक्टरवाल्याच्या शेतात सालानं कामाला होता, मालक म्हणेल तिथं जायचा. तोच खाली उतरून पुढं आला.

"दादा, फाटक उघड."

"गाडी यायलीय."

"कुटं हाय गाडी? दिसतीय का तुला?"

"सिग्नल झालाय. मला उघडता येत न्हाई."

"दादा, सगळे बगायलेत. माझी इज्जत ठेव."

सटवाजीनं किल्ली मुठीत धरली होती. भावाच्या तोंडाकडं न बघता तो रुळांकडं बघत राहिला. कुणी शिव्या दिल्या, कुणी दांडा हलवून पाहिला. पंधरा मिनिटांनी मालगाडी आली, आपल्या चालीनं डबे मोजत गेली. तोवर डॉज परभणीला पोचली होती. ट्रॅक्टर तिथूनच मागं फिरला. येडबा ट्रॉलीत बसला तो पाठ करून.

पुढं फाटक वेळेआधी पाडल्याची तक्रार गेली, मेमो आला, चौकशी झाली. मालगाडी खरोखरच आली होती, त्यामुळं नोकरी वाचली. गावानं मात्र आपली चौकशी आपल्यापरीनं केली. बैठक बसली नाही, ठराव झाला नाही. फाटकावर थांबणारी माणसं तंबाखू मागायची बंद झाली, इतकंच. गिरणीत त्याचं दळण शेवटी पडायला लागलं. बायको मनकर्णाबाई बाजारातून परत यायची ती एकटी, मागंपुढं बायांचे घोळके असायचे. ती नवऱ्याला कधी म्हणाली नाही की कामून केलंत. एकदाच म्हणाली, "त्यातल्या एकीच्या पदराला आग लागली व्हती म्हन्ता, मग काय करायचं दुसरं." त्यावर दोघांचं त्या विषयावरचं बोलणं संपलं.

ती एक्क्याऐंशी साली काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं. तिरडीला खांदा द्यायला रेल्वेचे चार गँगमन आले. येडबा आला नाही, त्याची बायको कासाबाई लांब बाभळीखाली येऊन उभी राहिली आणि तशीच परत गेली. दुपारी डॉज आली. आबासाहेबांची नजर तेव्हाच अधू झाली होती, गाडी बैलाच्या चालीनं आली. ते गुमटीच्या पायरीवर सटवाजीशेजारी तासभर बसले. मधे एक गाडी आली, सटवाजी उठला, दांडे पाडले, वर केले, परत येऊन बसला.

निवृत्त झाल्यावर रेल्वेची खोली सोडावी लागली. गावाच्या टोकाला त्याच्या वाटणीची थोडी जागा होती, तिथं त्यानं दोन खणांचं घर बांधलं. दिवस कसा घालवावा हे त्याला कळेना. इतकी वर्षं फोनच्या घंटीवर उठणारा माणूस, आता कुणी उठवत नव्हतं. लांबून गाडीचा आवाज आला की हात आपोआप पुढं यायचे आणि मग मांडीवर पडायचे.

अशात आबासाहेबांचा निरोप आला, येऊन भेट. सटवाजी परभणीला गेला. आबासाहेब ओसरीवर बसले होते. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते, पावलांच्या आवाजावरून त्यांनी माणूस ओळखला.

"सटवाजी, मुलाला गाडी नको आहे. नांदेडचा एक जण येऊन गेला. इंजिन काढून नेणार आणि बाकीचा पत्रा तोडणार. तू घेतोस का?"

"आबासाहेब, मला चालवता येत न्हाई."

"मला तरी कुठं दिसतं? शिकवतो मी."

सटवाजीला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पण ते थट्टेवारी बोलत नव्हते. फंडाचे पैसे नुकतेच हातात आले होते. आबासाहेबांनी किंमत सांगितली ती इतकी कमी की सटवाजीनंच ती वाढवली. कागदावर सह्या झाल्या. सून सुमनबाईंनी चहा आणला. कप खाली ठेवून आबासाहेब म्हणाले, "आता गाडी तुमची झाली, सटवाजी. तुम्ही सांभाळा." इतक्या वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं. सटवाजीला उगीचच ओशाळल्यासारखं झालं.

शिकवणी महिनाभर चालली, परभणीबाहेरच्या एका माळावर. सटवाजी स्टिअरिंगवर, शेजारी आंधळे आबासाहेब, काठी दोन पायांच्या मधे धरून. त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच होता. आबासाहेब मान तिरकी करून इंजिन ऐकायचे.

"आता काय म्हणतंय ते?"

"घुमायलंय."

"कोंडलंय म्हणून घुमतंय. मोकळं कर त्याला. क्लच दाब, खाली ओढ. हां. आता सांग."

"आता गुणगुणायलंय."

"बस. असं गुणगुणत राहिलं पाहिजे. डोळे रस्त्यावर, कान इथं."

शिकवताना ते विसरून परत 'तू'वर यायचे, आणि सटवाजीला ते बरं वाटायचं. आयुष्यभर गाडीचा आवाज ऐकून कोणती गाडी, किती लांब, हे ओळखलेला माणूस तो. ऐकून शिकणं त्याला जमलं. परवाना मिळाला त्या दिवशी आबासाहेब म्हणाले, "माझी एक अट राहिली. शनिवारी मला फिरवायचं."

मग शनिवार परत सुरू झाले. सकाळी सटवाजी परभणीला जायचा. सुमनबाई सासऱ्यांना हाताला धरून गाडीपर्यंत आणायच्या. डॉज गंगाखेडच्या रस्त्यानं पोखर्णीला जायची. आबासाहेब बाहेरूनच नरसिंहाला हात जोडायचे, मंदिरासमोरच्या दुकानातून पेढे घ्यायचे, आणि दोघं परत फिरायचे. वाटेत आबासाहेब विचारायचे, डाव्या हाताला काय दिसतं. सटवाजी सांगायचा, ज्वारी निसवलीय, करडई फुलावर आलीय, कुणाची तरी मेंढरं बसलीत. इतकं तर तो बायकोशीही कधी बोलला नव्हता. बाकीचे सहा दिवस तो कुणाशी बोलायचाच नाही, म्हणून शनिवारी पहिले दोन-तीन मैल त्याचा आवाज घोगरा यायचा.

एकदा अशाच फेरीत त्यानं ती गोष्ट काढली. सात-आठ वर्षं मनात ठेवलेली.

"आबासाहेब, ती तिघं मानसं. त्यांचं पुढं काय झालं?"

"म्हातारा दोन वर्षांनी गेला. बाया नांदेडला आहेत. एकीचा मुलगा सूतगिरणीत लागला. मधे पत्र आलं होतं."

"त्यांना ठावं हाय का, फाटकाचं?"

"मी सांगितलं नाही, सटवाजी. त्यांनी त्या दिवशी मागं वळून बघितलंच नाही. परत तो दिवस त्यांच्यापुढं काढायला माझं मन घेईना."

"बरं केलं," सटवाजी म्हणाला. पुढच्या मोरीजवळ गाडी हळू करताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला ते तितकंसं बरं वाटलेलं नाही. मानपान त्याला नको होता. पण जगात कुठंतरी एका घरात आपलं नाव ठाऊक असेल, असं त्यानं इतके दिवस धरून ठेवलं होतं, आणि ते आता सोडावं लागलं.

गावात त्याच्या मोटारीवर लोक हसायचे. मोटारीसाठी त्यानं पत्र्याचं शेड मारलं होतं, ते घरापेक्षा मोठं झालं. माणसाला दोन खण अन् मोटारीला चार, असं पारावर म्हणायचे, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तो रोज सकाळी डॉज पुसायचा. चाकाच्या वाट्या चिंचेनं घासायचा. आबासाहेबांचं खादीचं आच्छादन विरलं तेव्हा त्यानं मनकर्णाबाईची दोन लुगडी उसवून त्याला ठिगळं लावली. पेट्यांमधे पडून राहण्यापेक्षा बरं, असं स्वतःला सांगितलं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या एका शनिवारी तो नेहमीप्रमाणं परभणीला गेला. दारापुढं गाडी लावली. ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती, दोन अनोळखी माणसं टेकून बसली होती. आबासाहेबांचा मुलगा बाहेर आला, डोकं भादरलेलं. त्याला बघूनच सटवाजीला कळलं. सुमनबाई मागून आल्या.

"सोमवारी गेले. झोपेतच," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना तारा केल्या, फोन केले. तुम्हाला कळवायचं राहून गेलं, सटवाजी. कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माफ करा."

"न्हाई, माफी कशाची," तो म्हणाला. "गडबडीत ऱ्हातं."

त्यांनी बसा म्हटलं, तो सतरंजीच्या कडेला बसला. पाणी प्याला. आलेली माणसं एकमेकांत बोलत होती. त्यांतल्या एकानं विचारलं, हे कोण, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबांची गाडी यांनी घेतली." सटवाजीनं मान हलवली. तेवढंच खरं होतं. सांगण्यासारखं दुसरं नातं त्यालाही सापडलं नाही.

त्या दिवशी तो एकटाच पोखर्णीपर्यंत गेला. नंतरचेही काही शनिवार गेला. डाव्या हाताला तुरी होत्या, कापूस होता, बघून सांगायचं कुणाला. मग एकदा अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवून घरी आला आणि शनिवारच्या फेऱ्या बंद केल्या. डॉज हप्त्यातून एकदा गावच्या रस्त्यानं पिंगळी स्टेशनपर्यंत जायची आणि परत यायची, यंत्र गंजू नये म्हणून.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात येडबाच्या थोरल्या लेकीचं लग्न निघालं. अकरा वर्षं भाऊ भावाशी बोलला नव्हता. नवरदेव चारठाण्याचा, शिकलेला. त्याच्या घरचे वरातीला मोटार पाहिजे म्हणून धरून बसले. येडबानं मधल्या एकाला पाठवलं. तो शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, "येडबा म्हन्तो, मोटार द्यावी. डायवर आमचा हाय."

सटवाजी बोनेट पुसत होता. पुसत राहिला. मग म्हणाला, "मोटार देतो. पर दुसऱ्याच्या हाताला ती वळत न्हाई. मीच आनीन. मी गाडीतून उतरनार न्हाई म्हनावं, त्याला अडचन नको."

लग्नाच्या दिवशी त्यानं पांढरं धोतर नेसलं, आबासाहेबांनी दिलेली जुनी काळी टोपी घातली. नवरदेव मागं बसला, सोबत त्याचे चार सोबती, पुढं करवल्या दाटीवाटीनं. सगळे आपसात हसत-बोलत होते. त्याच्याशी जे बोलले ते "हळू घ्या" आणि "थांबा इथं" एवढंच. मांडवापाशी सगळे उतरले. सटवाजीनं डॉज चिंचेच्या सावलीला लावली आणि बोलल्याप्रमाणं आत बसून राहिला. मांडवातून मंगलाष्टका ऐकू येत होत्या. पुतणीचं बारसं त्याच्याच मांडीवर झालं होतं, मनकर्णाबाईनं कुंची शिवली होती. तांदूळ टाकायच्या वेळी त्याचा हात खिशात गेला, खिशात काही नव्हतं.

पंगती उठत होत्या. दोन वाजले असतील. येडबा मांडवातून बाहेर आला. हातात पत्रावळ, वर वरणबट्टी आणि बुंदी. पन्नाशीला टेकला होता, डोक्यावरचा फेटा मोठा दिसत होता. तो काचेपाशी आला.

"जेवून घे."

सटवाजीनं पत्रावळ घेतली. येडबा गेला नाही. मोटारीच्या छतावर हात ठेवून तो मांडवाकडं बघत उभा राहिला.

"पोरगी विचारायली, मोठे बाबा आले का म्हनून."

"काय सांगितलंस?"

"आलेत म्हनलं. मोटारीपाशी हायेत." थोड्या वेळानं तो म्हणाला, "पानी आनतो."

पाणी त्यानं दुसऱ्या कुणाच्या हातानं पाठवलं. पण निघायच्या वेळी नवरीनं त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि खाली वाकली ती सटवाजीच्या पायाशी, सगळ्यांसमोर, आणि कुणी काही म्हटलं नाही. तिला चारठाण्याला पोचवून तो एकटा परतला. जिंतूरच्या रस्त्याला त्यानं गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ थांबला. रडला नाही. उतरून पुढची काच पुसली, इंजिन सुरू केलं, आणि ते गुणगुणायला लागल्यावरच निघाला.

पुढं एवढाच फरक पडला की रस्त्यात भेटला तर येडबा "काय दादा" म्हणायचा. घरी यायचा नाही.

ब्याण्णव साली सटवाजीचेच डोळे दगा द्यायला लागले. दवाखान्यात मोतीबिंदू सांगितला. त्यात डॉजला लागणारी सहा व्होल्टची बॅटरी मिळेना. परभणीचा मेस्त्री चंद्रभान तिची कामं करायचा, तो म्हणाला, "सटवाजीबाबा, आता हिचं सामान निजामाच्या राज्यातच मिळायचं. हैदराबादला एक जण जुन्या मोटारी सांभाळतो, त्याला कळवू का? तोडनार न्हाई, मी जबान घेतो."

पंधरा दिवस सटवाजीनं उत्तर दिलं नाही. शेडमधे जाऊन बसायचा, इंजिन सुरू न करता. मग गेला आणि कळवा म्हणाला.

हैदराबादचा माणूस आला, साठीचा, गोरा, अदबीचा, सोबत बॅटरी घेऊन. त्यानं डॉजभोवती दोन चकरा मारल्या, बोनेटवर हात फिरवला, आणि दक्खनीत म्हणाला, "चाचा, इसको तो आप औलाद के जैसा रख्खे." सटवाजीनं त्याला गिअर कुठं अडतो, थंडीत चोक किती ओढायचा, हे सांगितलं. दोनदा सांगितलं. डॉज गावाबाहेर गेली तेव्हा तो शेडच्या दारात उभा होता. आवाज ऐकत राहिला. दुसरा गिअर पडला, तिसरा पडला, इंजिन गुणगुणत लांब गेलं, मग ऐकू येईना.

मधे तीन-चार आठवडे तसेच गेले. शेडमधे तेलाचा काळा डाग तेवढा राहिला. तो झाडून काढायचं त्याच्या मनात यायचं नाही.

एका सकाळी येडबा आला. अंगणात उभा राहिला, घसा खाकरला.

"दादा, शेड रिकामं हाय न्हवं?"

"हाय."

"माझ्या शेळ्या पावसात भिजायल्या. गोठा पडला. बांधू का हितं?"

सटवाजी ओट्यावर बसला होता. डोळ्याला मोतीबिंदू काढल्याची हिरवी पट्टी होती. त्यानं विचारलं, "किती हायेत?"

"बारा. अन् दोन गाभन."

"बांध. पर मागच्या अंगाला पानी झिरपतं. गाभन पुढं बांध."

येडबानं त्याच दिवशी खुंटे ठोकले. आता तो दिवसातून दोनदा येतो, सकाळी दूध काढायला आणि दिवस कलताना पाला टाकायला. दूध काढून झालं की एक वाटी ओट्यावर ठेवतो. जास्त बोलत नाही, सटवाजीही बोलत नाही. परवा तो जायला निघाला तेव्हा सटवाजीच म्हणाला, "ती काळी आज खायना बग. तिचे दिवस भरलेत वाटतं."

येडबा परत शेडमधे गेला, काळ्या शेळीच्या पोटाला हात लावून आला.

"परवापर्यंत व्हईल," तो म्हणाला, आणि ओट्याच्या कडेला टेकला. "जरा बसतो."